मोरीतले तेल, माठातले पाणी

पावसाळ्यात जुलाब, टायफॉइड आणि कावीळ यांचे रुग्ण वाढू लागले, की आपण सारा दोष पावसाला देतो. मी मात्र अशा रुग्णांना आणखी एक प्रश्न विचारतो : आपल्या इमारतीखाली किंवा शेजारी उपाहारगृह अथवा खानावळ आहे का, आणि तिथले गटार अलीकडे तुंबले होते का?

या प्रश्नाचे कारण साधे आहे. भांडी धुताना मोरीत गेलेले तेल-तूप गरम असेपर्यंत वाहते; पुढे ते थंड होऊन नळाच्या आतल्या बाजूस थिजते. त्यावर भात, चहाचा चोथा, भाज्यांची साले चिकटतात. लंडनमध्ये २०१७ साली भूमिगत गटारात अशा चरबीचा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. आपल्याकडे इतका मोठा गोळा होण्याआधीच चेंबर उफाळून मैला रस्त्यावर येतो.

खरा धोका त्यानंतरचा. आपल्या बहुतेक गावांत पाणी ठराविक वेळेलाच येते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून भोवतालची घाण आत ओढली जाते. इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीतही ती झिरपू शकते. तरुण माणूस अशा पाण्याने दोन दिवस आजारी पडून उठतो. वृद्धांना मात्र तहान कमी लागते. त्यातून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जुलाबाने रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

यावर उपाय आहेत. उपाहारगृहाने भांडी धुण्याआधी खरकटे निपटून ओल्या कचऱ्यात टाकावे आणि मोरीच्या पुढे तेल अडवणारी टाकी, म्हणजे ग्रीस ट्रॅप, बसवून ती नियमित उपसावी. गरम पाणी ओतल्याने तेल नाहीसे होत नाही. ते केवळ पुढे जाऊन थिजते. तळणीच्या तेलाविषयी तर नियमच आहे : त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली, की ते खाण्यासाठी वापरता येत नाही. असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली. म्हणून आपला डबा ज्या खानावळीतून येतो, तिथे नम्रपणे विचारावे, ‘‘वापरलेले तेल कुठे जाते?’’ ग्राहकाने विचारलेला प्रश्न मालक सहसा विसरत नाही.

घरीही तोच नियम पाळावा. कढईतले उरलेले तेल कागदाने पुसून मगच ती घासावी. मोरी तुंबली तर ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

परिसरात गटार उफाळल्यास पाणी नुसते गाळून भागणार नाही. खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे आणि झाकून ठेवावे. पाण्याला वास किंवा गढूळपणा जाणवल्यास पालिकेला कळवावे व टाकी धुऊन घ्यावी.

जुलाब सुरू झालेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजावे. मधुमेह आहे म्हणून हे द्रावण टाळू नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. नेहमीच्या गोळ्यांविषयीही त्याच वेळी विचारावे, स्वतःहून बंद करू नयेत. लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर सकाळपर्यंत थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.