वहीची पूजा आणि वहीचे वाचन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वहीला हळदकुंकू वाहतो; पण पुढे वर्षभर तीच वही उघडून पैन्‌पैचा मेळही घालतो. विद्येच्या संस्थांतून मात्र ह्यांतली पूजाच तेवढी चालते. ‘हे सरस्वतीचे मंदिर, येथे हिशेबाची दुकानदारी कसली?’ असे कोणी म्हटले की सारे माना डोलावतात. वाचकहो, मी मॅट्रिक झालेला साधा शाळामास्तर. पण देवळाच्या दानपेटीलाही कुलूप असते, आणि ते उघडताना चार माणसे समोर बसतात, एवढे मला ठाऊक आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठ १७०१ सालचे. विद्वानांची तेथे वाण नाही. त्याच्या वैद्यक शाळेच्या एका विभागाचा कारभार पाहणाऱ्या बाईंना दहा हजार डॉलरच्या आतील खरेदी कोणाला न विचारता करण्याची मुभा होती. निदान २०१३ पासून २०२१ पर्यंत त्यांनी टॅब्लेट आणि संगणकांच्या मागण्यांचे, प्रत्येक मागणी त्या मर्यादेच्या आत बसेल, असे तुकडे पाडले. माल परराज्यातील व्यापाऱ्याकडे गेला आणि पैसा बाईंच्या स्वतःच्या कंपनीत आला. चार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम अशी गिळली गेली! २०२२ साली त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना नऊ वर्षांची कैद झाली.

चोरी अडवण्यासाठी बांधलेली मर्यादाच चोरीची शिडी झाली, हे लक्षात घ्या. एकेक कागद नियमात बसत होता. पण सगळ्या कागदांची बेरीज कोणी केली नाही. मागणी करणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल मंजूर करणारा ही तीन निरनिराळी माणसे असती, आणि आलेल्या वस्तू कोणी कपाटात जाऊन मोजल्या असत्या, तर आठ वर्षे लागली असती काय?

ह्यावर ठरलेले उत्तर येते, ‘अहो, आमचे अण्णा तीस वर्षांचे जुने, घरच्यासारखे. त्यांची वही तपासायची म्हणजे त्यांचा अपमान!’ मी म्हणतो, अण्णांची खरी काळजी असेल तर वही अवश्य तपासा. पैसे कमी भरले की संशयाचे पहिले बोट गरीब शिपायाकडे आणि सरळ कारकुनाकडेच वळते. त्या वेळी त्यांची बाजू मांडणारा साक्षीदार एकच, तपासलेली वही. आणि जो कारकून वर्षानुवर्षे एक दिवस रजा घेत नाही, किल्ली दुसऱ्याच्या हाती देत नाही, त्याला हारतुरे घालण्याआधी पंधरा दिवस सक्तीने रजेवर पाठवा. त्या काळात पावतीपुस्तकांचे क्रमांक आणि बँकेचा उतारा दुसऱ्याने ताडून पाहावा. प्रामाणिक माणूस विश्रांती घेऊन परत येईल. दुसऱ्याची झोप उडेल.

येलची लबाडी उजेडात आली ती एका निनावी सूचनेवरून. अफरातफर तपासणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालातही हेच आढळते: अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के कोणाच्या तरी सूचनेमुळे उघडकीस आली, आणि त्या सूचनांपैकी निम्म्याहून अधिक त्याच संस्थेतल्या नोकरांच्या होत्या. म्हणजे कोणाला तरी ठाऊक असते. बोलण्याची सोय नसते. बोलणाऱ्याला आपण ‘चहाडखोर’ म्हणतो, त्याची बदली करतो, आणि मग हिशेब तपासनिसाच्या नावाने बोटे मोडतो. तक्रार थेट नियामक मंडळाकडे जाईल आणि तक्रारदाराच्या भाकरीला धक्का लागणार नाही, अशी व्यवस्था करायला काय हरकत आहे?

हा पैसा कोणाचा? कोणी बापाने बैल विकून भरलेल्या फीचा, कोणी आईने बांगडी मोडून दिलेल्या परीक्षा शुल्काचा. त्या पैशाचा जाब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. जी संस्था जाब मागत नाही, ती प्रामाणिक माणसांना वाऱ्यावर सोडते आणि लबाडाला शिडी धरून देते. तेव्हा मुलाला महाविद्यालयात घालताना तेथील इमारत पाहाल, निकाल पाहाल, तसेच एक विचारा: येथल्या वह्या कोण तपासतो, आणि त्या तपासनिसाला कोणी विचारतो का?