पुढचे पारडे नमते हवे

मातीत पळवायच्या मोटारसायकलचा मुलाने हट्ट धरला, की घरात वाद होतात ते किमतीवरून आणि हाडे मोडण्यावरून. ती मैदानापर्यंत जाणार कशी, हे कोणी विचारत नाही. खरे तर पहिला प्रश्न तोच. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या या गाड्यांना ना दिवे असतात, ना आरसे, ना नंबरपाटी. रस्त्यासाठी त्यांची नोंदणीच होत नाही.

आमच्या जबलपूरच्या सराफ्यात एका घरी सोळा वर्षांचा मुलगा आईची समजूत घालत होता, "अगं आई, पहाटे रस्ता रिकामाच असतो. बाबा स्कूटरवरून मागे येतील ना!" पण रिकाम्या रस्त्यावरच तर ट्रक भरधाव येतात. शिवाय २०१९ साली मोटार वाहन कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालवताना गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलालाही पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा गाडी मैदानापर्यंत चालवत नव्हे, लादूनच न्यायला हवी.

लादण्यासाठी मोटारीमागे जोडायची दोन चाकी गाडी, म्हणजे ट्रेलर, अनेकांच्या मनात येतो. जबलपूरकरांना ही कल्पना नवी नाही. तोफांचे गाडे बनवणारा इथला कारखाना १९०४ सालचा! पण ट्रेलर नीट नसेल, तर तो पुढच्या मोटारीलाही घेऊन उलटतो.

यातले मर्म सराफाला चटकन कळेल. ट्रेलरचा आस म्हणजे तराजूचा काटा. पुढचे पारडे नेहमी नमते हवे. ट्रेलर आणि माल मिळून ३०० किलो वजन असेल, तर त्यातले ३० ते ४५ किलो मोटारीच्या हुकावर पडले पाहिजे. मागचे पारडे जड झाले, की वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक दाबू नये, चाक वेडेवाकडे वळवू नये. पाय वेगावरून काढून चाक सरळ धरावे. मग थांबून माल पुढे सरकवावा.

गाडी चढवायला दोन फूट उंचीसाठी निदान सात फुटांची मजबूत फळी घ्यावी. तिचे वरचे टोक ट्रेलरला पट्ट्याने बांधावे, नाहीतर ऐन चढावर ती निसटते. चढवताना इंजिन बंद आणि माणसे दोन.

बांधण्यासाठी सुती दोरी नको, खटक्याचे पक्के पट्टे हवेत, तेही चार. पुढचे दोन हँडलच्या खालून दोन्ही बाजूंना तिरपे ओढावेत. पुढचे शॉकअप साधारण अर्धे दबले, की पुरे. पूर्ण दाबले तर त्यांचे सील फुटते आणि सैल ठेवले तर खड्ड्यात पट्ट्याचा हुक सुटतो. मागचे दोन पट्टे मागचा भाग सरकू नये म्हणून. गाडी सरळ उभी, पहिल्या गिअरमध्ये, पेट्रोलची तोटी बंद. बाजूच्या स्टँडवर ती कधीही टेकवू नये. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत आणि चाकाच्या मधल्या भागाला हात लावून पाहावा. चटका बसला तर बेअरिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता खर्चाचे बोलू. लोखंडी नळ्या जोडून ट्रेलर करून देणारे कारागीर मिळतात. पण १९८८ च्या कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याचीही नोंदणी लागते, मागे दिवे लागतात, नंबर लागतो. म्हणून वेल्डिंगच्या आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. आपली मोटार किती वजन ओढू शकते, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. तिथे ओढायला मनाई असेल, तर विषय तिथेच संपला. शिवाय कमानिया गेटजवळच्या गर्दीत ट्रेलर मागे घेणे म्हणजे कसरतच. चाक उजवीकडे फिरवावे, तर तो डावीकडे वळतो!

महिन्यातून एखादी फेरी असेल, तर 'छोटा हत्ती' भाड्याने घेणे शहाणपणाचे. शंभर-सव्वाशे किलोच्या दोन गाड्या तो सहज नेतो. दोन घरांनी मिळून भाडे वाटून घेतले, तर ओझेही होत नाही. पट्टे मात्र स्वतःचे न्यावेत आणि स्वतःच्या हाताने बांधावेत.

हौसेला मोल नसते म्हणतात, पण भाडे असते. गाडीच्या किमतीबरोबर तेही पहिल्याच दिवशी हिशेबात धरावे. ते देणे जमत नसेल, तर गाडीची खरेदी वर्षभर लांबवावी. मुलगा चार दिवस रुसेल, पण धडधाकट राहील.