सही ज्याची, जबाबदारी त्याची



आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली आज इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडून एक तक्रार वारंवार कानी येते : ‘फी भरून खासगी तज्ज्ञाला दाखविले. त्यांनी औषधे व रक्ततपासण्या सुचविल्या. परंतु आमचे सरकारी फॅमिली डॉक्टर त्या करून देत नाहीत.’ हा नकार कित्येकांना अपमानासारखा वाटतो. त्यामागील कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तेथील फॅमिली डॉक्टरांस ‘जीपी’ म्हणतात. त्यांना दाखविण्यासाठी फी पडत नाही. त्यांच्या चिठ्ठीवरील औषधांस इंग्लंडमध्ये ठरावीक आकार द्यावा लागतो व साठ वर्षांवरील व्यक्तींना तोही माफ असतो. खासगी चिठ्ठीवरील औषधाची मात्र पूर्ण किंमत मोजावी लागते. म्हणून खासगी चिठ्ठी सरकारी करून घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु हुंडीवर सही करणारा तिच्या रकमेस बांधला जातो, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको. औषधाच्या चिठ्ठीचेही तसेच आहे. ज्या डॉक्टरची सही, त्याच्यावरच परिणामांची जबाबदारी. खासगी तज्ज्ञाची शिफारस हा सल्ला असतो, आज्ञा नव्हे. औषध आवश्यक आहे काय, सरकारी सेवेत ते सामान्यतः दिले जाते काय आणि त्यावर देखरेख ठेवण्याइतके ज्ञान आपल्यापाशी आहे काय, हे पाहूनच जीपी निर्णय घेतात.

तपासणीचा नियमही असाच : जो ती मागवितो, त्यानेच अहवाल पाहून पुढील उपाय करावा. एकाने मागविलेली तपासणी दुसऱ्याने केली, तर अहवालातील धोक्याची सूचना दोघांच्या मध्येच हरवू शकते. त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

संधिवातावरील मेथोट्रेक्सेटचे उदाहरण घ्या. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. त्यासोबत रक्तपेशी व यकृत यांची नियमित तपासणी अनिवार्य असते. अशा औषधांसाठी तेथे संयुक्त देखरेखीचा लेखी करार करतात. तज्ज्ञ उपचार सुरू करून मात्रा स्थिर करतात आणि मग जीपी संमती देऊन पुढील भार घेतात. ही संमती ऐच्छिक असते.

म्हणून खासगी तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वीच तीन प्रश्न विचारावेत : तपासण्या कोण करील? औषध पुढे कोण लिहील? देखरेख कोणाची? खर्च झेपत नसेल, तर सरकारी सेवेकडे परतण्याचा मार्ग खुला असतो. जीपी सरकारी तज्ज्ञाकडे पाठवू शकतात. मात्र तेथे गरजेनुसार रांगेत थांबावे लागते. पैसे भरले म्हणून क्रमांक पुढे सरकत नाही आणि मागेही जात नाही.

मुंबई-पुण्यात तपासणी करून परतणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. येथील डॉक्टरांची चिठ्ठी तेथील औषधालयात चालत नाही. कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव, मात्रा व निदान लिहिलेले पत्र आणि सर्व अहवाल सोबत न्यावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे : नकार मिळाला म्हणून चालू औषध स्वतःहून बंद करू नये. पुढील व्यवस्था होईपर्यंत ज्या तज्ज्ञाने ते सुरू केले, त्याच्याशीच संपर्क ठेवावा.