पळाले म्हणून सापडले

कॅनडाला गुलामगिरीबद्दल विचारा, अमेरिकेतून पळून आलेल्यांना आसरा दिल्याची गोष्ट तो ऐटीत सांगेल. १८३४ पर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं तिथेही माणसं विकली गेली, ही गोष्ट मात्र ओठांतल्या ओठांत. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी चर्चच्या बाप्तिस्मा-दफनाच्या वह्या आणि नोटरींचे दस्त उपसून १९६० साली फ्रेंच कॅनडातल्या गुलामांवर ग्रंथ लिहिला. पुढे त्यांची यादी चार हजारांवर गेली. त्यांतले बहुसंख्य आफ्रिकी नव्हते, त्याच खंडातले आदिवासी होते.

बहुतेकांच्या वाट्याला एखादी ओळ: नाव, अंदाजे वय, मालक. आपल्या पेशवे दफ्तरातल्या कुणबिणी-बटकींची गत काही निराळी नाही. मुकाट राबणाऱ्यावर शाई कोण खर्च करणार? मालकाला ताप दिला, की मगच कागदावर माणूस दिसू लागतो.

क्वेबेकचा जो नावाचा माणूस पाहा. ‘क्वेबेक गॅझेट’चा मुद्रक विल्यम ब्राऊन याचा हा गुलाम, छापखान्यातच यंत्रावर राबणारा. तो वारंवार पळे आणि ब्राऊन आपल्याच पत्रात जाहिरात देई. म्हणून आज कळतं, की हा गुलाम आफ्रिकेत जन्मला होता, त्याच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोले. इतरांच्या फरारीच्या जाहिराती याच जोच्या हातून छापल्या गेल्या असतील का?

माँट्रियलच्या मारी-जोसेफ आंजेलिक या गुलाम स्त्रीचा कागद अधिक जाड आहे. एप्रिल १७३४ च्या आगीत चाळीसहून अधिक इमारती जळाल्या, आळ हिच्यावर. आधी एकदा ती क्लोद तिबो या गोऱ्या जोडीदारासोबत पळाली होतीच. छळ झाल्यावर तिने गुन्हा कबूल केला, पण साथीदार म्हणून त्याचं नाव घेतलं नाही. जूनमध्ये फाशी. आग तिनेच लावली का, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला तिची जबानी अधिक मोलाची वाटते. कारकुनाच्या हातची का होईना, ती निदान बोलते तरी.

क्लोई कूली तेवढंही बोलत नाही. मार्च १७९३ मध्ये तिचा मालक अ‍ॅडम व्रूमन याने तिला बांधून नायगारा नदीपलीकडे विकलं. तिचा आक्रोश पीटर मार्टिन या कृष्णवर्णीय माजी सैनिकाने सरकारच्या कानावर घातला. त्याच वर्षी अपर कॅनडात नवे गुलाम आणण्यावर बंदी आली. असलेले तसेच राहिले, कारण कायदेमंडळात गुलामांचे मालकही बसले होते. आपण आपलीच मालमत्ता विकली, असं सांगणारा अर्ज व्रूमनने केला. दप्तरात जपला गेला, तो हा अर्ज.