सातबाऱ्यावरचा ‘ए.कु.मॅ.’ शेरा जातोय. पण त्याच्या जागी कुणाची नावं येणार?

टेंभी नाक्याला वाढलेल्या कुणालाही विचारा, “गाव कुठलं?” सातारा, रत्नागिरी, जुन्नर असं काहीतरी उत्तर येतं. पुढचा प्रश्न, “जमीन कुणाच्या नावावर?” उत्तर ठरलेलं, “मोठ्या काकांच्या.”

आता 15 रुपये भरून ऑनलाइन सातबारा काढा. काकांच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ दिसतंय का?

याचा अर्थ काय?

एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा एकत्र कुटुंब कर्ता. पूर्वी वडील गेले की सगळ्या भावंडांऐवजी थोरल्याचं एकट्याचं नाव लागायचं. धाकटे मुंबईत गिरणीत, बहिणी सासरी. तलाठ्याचंही लिहिणं वाचायचं. म्हणजे ही दोन-तीन अक्षरं सांगतात की हा माणूस एकटा मालक नाही, मागं आणखी हिस्सेदार आहेत.

मग तो काढायचा कशाला?

संगणकीकृत सातबाऱ्यावर प्रत्येक खातेदाराचं नाव स्वतंत्र लावता येतं. त्यामुळं अशा शेऱ्याची गरज उरली नाही. शिवाय जमीन विकताना, कर्ज काढताना, वाटणी करताना तो अडचणीचा ठरतो. 2025 मध्ये राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. त्यात जुन्या तगाई कर्जांसारख्या कालबाह्य नोंदींसोबत हा शेराही कमी करायचं ठरलं.

अडचण कुठं आहे?

शेरा काढणं सोपं आहे. त्याच्यामागं लपलेली माणसं शोधणं अवघड. नियमानं आधी चौकशी, मग सगळ्या हिस्सेदारांची नावं, आणि मगच शेरा कमी. पण हिस्सेदारांची यादी सहसा गावात राहणाराच देतो. त्यात ठाण्यातला भाऊ किंवा सासरी गेलेली बहीण राहिली, तर कागदावर काका एकटे मालक दिसतील.

सातबाऱ्यानं मालकी मिळत नाही, हे खरं. पण उलटं सिद्ध होईपर्यंत त्यावरची नोंद खरी मानली जाते. म्हणजे कोर्टात जायची वेळ येते ती राहून गेलेल्या बहिणीवर.

जगातल्या सगळ्या लिप्या संगणकावर आणणाऱ्या युनिकोडचा एक नियम इथं आठवतो. एकदा घेतलेलं चिन्ह ते कधीच काढत नाहीत. फार तर ‘यापुढं वापरू नका’ असं सांगतात, कारण जुन्या फायली त्यावर उभ्या असतात. आपला सातबाराही तशीच जुनी फाइल आहे. शेरा जायला हवाच, पण त्यातली माहिती नव्या नोंदीत उतरल्यानंतर.

तुम्ही काय करायचं?

- ज्या फेरफारानं काकांचं नाव लागलं, तो जुना फेरफार काढा. त्यात वारसांचा उल्लेख सापडू शकतो.
- गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं (म्हणजे आपले तलाठी) सगळ्या वारसांच्या नावांसह अर्ज द्या.
- यादीत आत्या आणि बहिणी आहेत का, ते बघा. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायची अट नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं.
- नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस असतात. ती गावच्या पत्त्यावर जाऊन पडली, तर तुम्हाला कळणारही नाही.

म्हणून या गणपतीला गावी जाल, तेव्हा काकांसोबत बसून ही यादी एकदा वाचा. भांडण नंतर करण्यापेक्षा नावं आधी लागलेली बरी.