मुंबईची धास्ती

जून महिना उजाडला की नाशिकच्या सुशिक्षित घरांतून एकच खल सुरू होतो : मुलास किंवा मुलीस पुढील शिक्षणासाठी मुंबईस धाडावे काय? धाडावयाचे ठरलेच, तर निघतेवेळी होणारा उपदेशही ठरलेला असतो. वर्ग, खोली आणि पुस्तक यांपलीकडे पाहू नकोस. सभा, मंडळे, नाटके ही रिकामटेकड्यांची कामे! हा उपदेश मायेपोटी होतो, याविषयी आम्हांस शंका नाही. तथापि तो सर्वथैव चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घ्याव्या आणि पदव्या द्याव्या, एवढेच त्याचे आरंभीचे काम; शिकविण्याचा भार महाविद्यालयांवर होता. परंतु मुंबईतील विद्यार्थिजीवन या विद्यापीठाहून वडील आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व अध्यापक यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. तीत निबंध वाचले जात, त्यांवर वाद होत. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि फावल्या वेळी, वेतन न घेता, तेथे स्वतः शिकविले. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. या कामास गुण नव्हते. गुण देणारे विद्यापीठच अद्याप जन्मास यावयाचे होते!

आमच्याच जिल्ह्यातील निफाडास जन्मलेले न्यायमूर्ती रानडे हे १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. ‘रानड्यांसारखा अभ्यास कर’ असे मुलास सांगणारे पालक अर्धेच चरित्र सांगतात. रानड्यांनी डोळे बिघडेपर्यंत वाचन केले, हे खरे. परंतु महाराष्ट्र त्यांस स्मरतो तो प्रार्थना समाज आणि सार्वजनिक सभा यांतील कार्यामुळे. चार माणसे जमवावी, भिन्न मताचा मनुष्य शांतपणे ऐकून घ्यावा, ठरलेले काम तडीस न्यावे, ही विद्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल आम्ही भरतो, ते मुलाने सभा कराव्या म्हणून काय?’ आमचा उलट प्रश्न असा, की केवळ पदवीच हवी असेल तर हा खर्च तरी कशास? नाशकात हं. प्रा. ठाकरसी महाविद्यालय १९२४ पासून आहे. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर घरबसल्या पदवी देते, आणि त्याचे मुख्यालयही नाशकातच आहे. पदवी गोदातीरी मिळते. मुंबई मात्र मुंबईतच मिळते. राजाबाई मनोऱ्याखालचे ग्रंथालय, नाट्यगृहे, चित्रप्रदर्शने, आणि चार भाषा बोलणारे चार सोबती ज्या एका खोलीत राहतात ती खोली, हे सर्व टाळून जो परत आला, त्याने भाडे मुंबईचे भरले आणि राहिला मात्र पेटीत.

अभ्यास सोडावा असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे इतकेच, की या वर्षी मुलाशी दूरध्वनीवर बोलताना ‘गुण किती पडले?’ हा प्रश्न दुसरा असावा. पहिला असावा, ‘या महिन्यात कोणाशी वाद घातलास आणि त्यात कोठे हरलास?’ ज्या मुलापाशी याचे उत्तर नाही, त्याच्याविषयी खुशाल धास्ती धरावी.