चौथी आज्ञा कोणासाठी?

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण चौथी आज्ञा सात-आठ वर्षांच्या मुलांकडून पाठ करून घेतो आणि तिचा अर्थ सांगतो : आईवडिलांचे ऐकावे, त्यांना उलट उत्तर देऊ नये. परंतु सीनाय पर्वताच्या पायथ्याशी ती ज्यांनी ऐकली, ती संसारी, कर्तीसवरती माणसे होती. मूळ हिब्रू भाषेत ‘सन्मान’ या क्रियापदाचा धातू ‘जड असणे’ असा आहे. घरात ज्यांच्या शब्दाला वजन उरलेले नाही, त्यांना वजन द्या, असे ती आज्ञा पन्नाशीतल्या माणसाला बजावते. आपण मात्र ती बालवर्गाकडे ढकलून मोकळे झालो आहोत.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेताना मला आधी चौकशी करावी लागते, “बाय या महिन्यात कोणाकडे?” वसईत वाडी वाटली, विहीर वाटली, बागायत बिल्डरच्या हवाली केली, शेवटी आई वाटली. तिची औषधे, जपमाळ आणि चार लुगडी एका पिशवीत मावतात. एका घरी तर ‘फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, तो नेहमी धाकट्याच्याच वाट्याला का?’ असा वाद मी स्वकर्णांनी ऐकला आहे.

‘फादर, तुम्हाला संसार नाही, तुम्हाला काय कळणार?’ हा प्रश्न मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पहाटेची लोकल धरून चर्चगेट गाठणारा माणूस रात्री घरी येतो तेव्हा त्याच्यात त्राण उरत नाही. मुलांच्या फिया आहेत, घरकर्जाचे हप्ते आहेत, दोन खोल्यांत पाच माणसे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी मोलाची बाई ठेवणे सर्वांना परवडत नाही. हे सारे मान्य. माझे भांडण थकलेल्या मुलाशी नाही. ‘मी आईला सांभाळतो’ या त्याच्या वाक्याशी आहे. या वाक्यातला कर्ता केवळ व्याकरणापुरता आहे. लघवीने भिजलेली चादर बदलते सून. रात्री तीनदा उठते सून, किंवा ‘हिला काय, मागे पाश नाही’ म्हणून गृहीत धरलेली अविवाहित बहीण. तीही पन्नाशीची असते, तिचेही गुडघे दुखतात, आणि सुनेची स्वतःची आई दुसऱ्या गावी भावजयीच्या स्वाधीन असते. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने ज्यांच्यावर जबाबदारी टाकली, त्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत; सुनेचे नाव त्यात नाही. आपल्या घरांत मात्र तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाचे नाव नसते.

आणि मग मृत्यू येतो, तेव्हा पुत्रप्रेमाला पूर येतो. संगमरवरी थडगे, बॅन्ड, वर्तमानपत्रात छायाचित्र, महिन्याच्या मिस्सेला जेवणावळ. आईच्या स्मरणार्थ देवळाला बाक दिला जातो आणि आम्ही धर्मगुरू तो निमूटपणे स्वीकारतो. वर व्यासपीठावरून नावही वाचतो. मार्कच्या शुभवर्तमानातील सातवा अध्याय काढून पाहा. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा, ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून जे हात झटकतात त्यांची बाजू घेणाऱ्या परुश्यांना आणि शास्त्र्यांना प्रभूने ढोंगी म्हटले. ते धर्माचे जाणकार होते. आज त्यांच्या जागी आम्ही आहोत.

म्हणून हा दगड प्रथम मलाच लागू दे. मी स्वतः ‘कुर्बान’ म्हटलेला मुलगा आहे. माझी आई साडेतीन वर्षे अंथरुणावर होती. मी महिन्यातून एकदा जात असे. खुर्चीवर बसून तिच्या कपाळावर क्रूस काढीत असे. वहिनी माझ्यासाठी चहा टाकायची, आणि गावाला वाटायचे, फादर आईचे किती करतात! त्या साडेतीन वर्षांत मी एकदाही आईची चादर बदलली नाही. धर्मग्रामाच्या कामातून सोमवार मोकळा मिळत असे. तो वहिनीला द्यावा, तिने माहेरी आईकडे जाऊन यावे, आणि तेवढा दिवस मी घर सांभाळावे, हे मला सुचले नाही. सेमिनरीत आम्हाला हिब्रू धातू शिकवले होते. चादर कशी बदलावी, हे शिकवले नव्हते.

2021 पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आपण आजी-आजोबांचा दिन पाळतो. मुले त्यांना गुलाब देतात, टाळ्या होतात. यंदा आमच्या धर्मग्रामात गुलाब नाहीत. मिस्सेनंतर सभागृहात एक खाट मांडलेली असेल आणि आमच्यातली एक निवृत्त परिचारिका, आजाऱ्याला न उचलता त्याच्याखालची चादर कशी बदलायची, हे दाखवील. येण्याचे निमंत्रण पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांना आहे. पहिला शिकाऊ मी आहे.